कंबर सव्वीस

"चालून दाखव," तात्या मगदूम म्हणाले.

हिंदुराव येडगे माझ्या दुकानाच्या पायरीपासून हौसाक्काच्या म्हशीपर्यंत चालत गेला आणि परत आला. म्हैस रस्त्यापलीकडेच बांधलेली असायची, त्यामुळे अंतर काही फार नव्हतं.

"पाय तर सरळ पडत्यात," तात्यांनी निकाल दिला. "जरा वळून बघ."

तो वळला. बाबालाल मुलाणी बाकड्यावरून उठला, त्यानं हिंदुरावच्या पोटरीत अंगठा दाबून बघितला आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. बाबालालचं मटणाचं दुकान होतं. बोकड घ्यायला गेला की तो अशीच मान हलवायचा आणि मग दुसरा बोकड बघायचा.

"जेवतोस का न्हाईस?" हौसाक्कानं विचारलं.

"मिळालं की जेवतो, अक्का."

एवढं सगळं होईपर्यंत त्याची पत्र्याची पेटी हातातच होती. एसटीतून उतरून तो सरळ आमच्यासमोर उभा राहिला होता, आणि पेटी खाली ठेव असं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं.

या गोष्टीला तीस वर्षं झाली. सांगलीच्या बाजूचं खेरडे हे आमचं गाव, आणि कबड्डी हे गावाचं वेड. माझं टेलरिंगचं दुकान स्टँडसमोर. दुकानाबाहेरच्या बाकड्यावर आम्ही चौघं बसायचो. तात्या मगदूम निवृत्त पोस्टमन. पंधरा वर्षांतल्या प्रत्येक सामन्याचे गुण त्यांना तोंडपाठ. बाबालाल. दूध घालून परतताना टेकायला येणारी हौसाक्का, जिला पंच घाबरायचे. आणि मी, वसंत बगाडे, ज्याला सगळा गाव टेलरमामा म्हणायचा. आम्हाला कुणी नेमलं नव्हतं. पण आम्ही नापास केलेला खेळाडू खेरड्यात टिकायचा नाही, एवढी आमची दहशत होती. निदान आमची तशी समजूत होती.

त्या वर्षी आमच्या संघाची पार वाट लागली होती. एकाचा गुडघा गेला, एक पोलिसात भरती झाला, एकाला बायकोनं शपथ घातली. क्लबचा सेक्रेटरी आनंदा कोळेकर याला तेव्हा एक शब्द सापडला होता, 'नवी बांधणी'. तो चहा मागतानासुद्धा नव्या बांधणीबद्दल बोलायचा. आणि या नव्या बांधणीत त्यानं पहिलं काम काय केलं? घराचा मधला खांबच काढून शेजाऱ्याला दिला.

खांब म्हणजे जालिंदर पाटोळे. जालू. नऊ वर्षं आमच्याकडून चढाई करणारा, एका दमात तीन-तीन गडी मारून येणारा. त्याला आनंदानं पोखरवाडीच्या क्लबला दिलं आणि बदल्यात त्यांचा डावा कोपरा आणला. कोपरा म्हणजे बचावाच्या रांगेतला टोकाचा गडी. चढाईला आलेल्याचा पाय धरणं हे त्याचं काम.

"चढाईवालं गल्लोगल्ली मिळत्यात," आनंदा म्हणाला. "कोपरा मिळत न्हाई."

गावानं या व्यवहाराला लगेच नाव दिलं, साटंलोटं. आपली लेक त्या घरात द्यायची, त्यांची लेक आपल्या घरात आणायची. आमची लेक गेली होती आणि ही आलेली सून आमच्या बाकड्यासमोर पेटी धरून उभी होती.

साटंलोटं झालं तरी दोन्ही सेक्रेटऱ्यांना एकच धास्ती होती. समोरच्यानं गुडघा निकामी झालेला गडी आपल्या गळ्यात मारला असेल तर? म्हणून त्यांनी एक कागद केला. उरुसाच्या स्पर्धेत, पासष्ट किलो वजनी गटात, दोन्ही खेळाडूंनी नव्या संघाकडून खेळायचं. दोघांपैकी एक जरी मैदानात उतरला नाही तर अदलाबदल रद्द, दोघंही आपापल्या गावी परत. हा कागद ठेवला माझ्या ड्रॉवरमध्ये. कारण दोन्ही संघांचे कपडे मीच शिवायचो. दोन्ही गावांच्या कमरा मला ठाऊक, म्हणून दोन्ही गावांचा माझ्यावर विश्वास.

मी गळ्यातली टेप काढली आणि हिंदुरावला मापलं. छाती बत्तीस, कंबर सत्तावीस. आनंदानं त्याला क्लबच्या काट्यावर उभा केला तर एकसष्ट किलो.

"पासष्टच्या वर गेला तर खेळता येत न्हाई, आणि ह्यो चार किलो खाली हाय," आनंदा खूश होऊन म्हणाला. "वजनाची काळजी मिटली." त्यानंतर त्यानं हिंदुरावला पुन्हा काट्यावर चढवलं नाही.

"वारा सुटला तर ह्यालाच धरायला माणूस लागंल," तात्या म्हणाले. "फसवलं पोखरवाडीनं."

हे सगळं त्याच्या तोंडावर चाललं होतं. तो ऐकत होता आणि मधूनच मान डोलवत होता, जणू काही आम्ही तिसऱ्याच कुणाबद्दल बोलत होतो.

पुढच्या रविवारी सराव झाला. आमच्या दिनकरनं चढाई केली. दिनकर उसाचा ट्रक चालवायचा आणि वजनानं नाही, पण चालीनं स्वतःही थोडासा ट्रकसारखाच होता. तो कोपऱ्याकडे गेला आणि हिंदुरावनं खाली बसून त्याचा घोटा धरला. दिनकर त्याला फरपटत मधल्या रेषेपर्यंत आला. रेषा ओलांडली. तरी घोटा सुटेना.

"सोड की आता," दिनकर म्हणाला.

"शिट्टी झाली न्हाई."

शिट्टी आनंदाकडे होती आणि आनंदा नव्या बांधणीसंबंधी बोलायला चहाच्या टपरीवर गेला होता. दिनकर हिंदुरावसकट लिंबाच्या झाडापर्यंत गेला, तिथून पाण्याच्या टाकीपर्यंत गेला, मग थकून खाली बसला. हिंदुरावही शेजारी बसला, पण घोटा हातातच. दोघांनी बसल्या बसल्या ऊसतोडीच्या गप्पा मारल्या. आनंदा परत येऊन शिट्टी वाजवीपर्यंत तात्यांच्या घड्याळात अकरा मिनिटं झाली होती.

"पंधरा वर्षांत अशी पकड बघितली न्हाई," तात्या म्हणाले. त्यांचा आवाज चक्क ओला झाला होता. "पिकतं तिथं विकत न्हाई म्हणत्यात ते असं. पोखरवाडीला कळलंच न्हाई त्यांच्याकडं काय हुतं ते."

त्या दिवसापासून आमचं डोकं फिरलं.

हौसाक्काचं म्हणणं असं की सून घरात आली की पहिल्या वर्षी तिला घरोघर जेवायला बोलावतात, तेव्हा ही सूनही त्याला अपवाद नाही. ती हे सगळ्यांसमोर चेष्टेनं म्हणाली, आम्ही हसलो आणि विषय तिथंच संपला. निदान मला तसं वाटलं. मी माझ्यापुरतं ठरवलं की पोरगं तालमीत एकटं राहतं, आपणही घरात एकटेच, संध्याकाळी त्याला पिठलं-भाकरीला बोलवावं. माझी बायको जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. समोर बसून कुणी जेवलं की आपलीही भाकरी जरा मऊ लागते. तो यायचा, चार भाकऱ्या खायचा, ताट धुऊन ठेवायचा आणि जायचा. त्याच्यामुळे मला संध्याकाळ कधी होते याची वाट बघायची सवय लागली, हे कबूल करायला आता लाज वाटत नाही.

महिन्याभरात त्याची सरावाची चड्डी कमरेत घट्ट झाली. मी टेप लावली. साडेअठ्ठावीस.

"हिंदुराव, हे काय रे?"

त्यानं मान खाली घातली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सकाळी हौसाक्काकडे तांब्याभर दूध आणि शिरा. दुपारी तात्यांकडे जेवण, वर तूप. चार वाजता बाबालालकडे पायाचा रस्सा, 'घोट्यातली ताकद घोट्यातनंच येती' म्हणून. आणि संध्याकाळी माझ्याकडे चार भाकऱ्या. प्रत्येकानं त्याला बजावलं होतं, बाकीच्यांना सांगू नकोस.

"मामा, माप कुणाला सांगू नगा," तो म्हणाला.

"का?"

"सांगितलं तर बोलवायचं बंद करतील."

"तुझ्या गावात बोलवत नव्हते?"

"गावच्याच माणसाला कोण जेवायला बोलवतंय मामा? मी तालमीत ऱ्हायचो. सगळ्यांस्नी वाटायचं, दुसऱ्याकडं जेवला असंल."

मी पोखरवाडीला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या. काय एकेक माणसं असतात, म्हटलं. हाताशी असलेला गडी उपाशी ठेवतात आणि वर क्लब चालवतात. चड्डी उसवून मी एक इंच सैल केली आणि गप्प बसलो. चार किलोंतले किती उरले असतील हा हिशेब मला सुचला नाही असं नाही. पण किलो हा आनंदाचा विषय होता. माझा विषय इंच.

त्याच सुमारास पोखरवाडीहून एक माणूस जालूची नवी चड्डी परत घेऊन आला.

"कंबरंत बसंना झालीय."

"कापड आटलं असेल," मी म्हणालो. "उकळत्या पाण्यात धुता का तुम्ही लोक?"

"माप कवा घेतलं हुतं?"

हा प्रश्न मला झोंबला. "जालूचं माप घ्यावं लागत नाही मला. पाठ आहे. कंबर सव्वीस. नऊ वर्षं सव्वीस आहे."

"बरं," तो म्हणाला.

मी ती चड्डी रागारागानं इंचभर सैल करून दिली. तीन आठवड्यांनी तोच माणूस तीच चड्डी घेऊन पुन्हा हजर. या वेळी मी ती सैल केली आणि वर एक चिठ्ठी टाचली, 'थंड पाण्यात धुवावे.'

उरुसाचा दिवस उजाडला. स्पर्धा दुपारी, वजन अकराच्या आत द्यायचं. सकाळी आठला आम्ही चौघं बाकड्यावर बसलो होतो. हिंदुराव नवी जर्सी घालून आला. हौसाक्कानं त्याची दृष्ट काढली आणि सरकून त्याला जागा दिली. तो बसला. आणि बाकड्याची फळी मधोमध मोडली.

आम्ही पाचही जण रस्त्यावर बसलेले. पंधरा वर्षं ती फळी आम्हाला झेलत होती.

तात्या पहिले उठले. त्यांनी फळीकडे बघितलं, मग हिंदुरावकडे. "ह्याचं वजन कुणी केलंय का?"

सगळ्यात जवळचा मोठा काटा गुऱ्हाळावर होता. गुळाच्या ढेपा तोलायचा. हिंदुराव त्यावर उभा राहिला. सहासष्ट किलो तीनशे.

"काट्यावर गूळ चिकटला असंल," बाबालाल म्हणाला.

काटा पुसला. सहासष्ट किलो तीनशे.

"मी फकस्त दूध देत हुते," हौसाक्का म्हणाली.

"दूध? तू पण?" बाबालाल ओरडला. "मी फक्त रस्सा!"

"आमच्याकडं साधंच जेवण असतंय," तात्या पुटपुटले. "तूप काय, चवीपुरतं."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "मला कंबर माहीत होती." त्यावर हौसाक्का जे बोलली ते इथं लिहिता येण्यासारखं नाही.

हिंदुराव काट्यावरून उतरला. "मी खेळलो न्हाई तर कागदाप्रमाणं परत जावं लागंल," तो म्हणाला. त्यानं कुणाला दोष दिला नाही. "पोखरवाडीला."

अडीच तास हातात होते आणि एक किलो तीनशे ग्रॅम अंगावर. गुऱ्हाळावर रसाची काहील उकळत होती. बाबालालनं हिंदुरावला काहिलीशेजारी बसवलं. मी दुकानात धावत जाऊन माजी सरपंचांचा अर्धवट शिवलेला लोकरीचा सूट आणला आणि त्याच्यावर चढवला. एक बाही नव्हती, तिथं पोतं गुंडाळलं. वाफेत तो लाल झाला की तात्या त्याला काहिलीखालच्या चुलवणाभोवती पळवायचे. पळून आला की हौसाक्का त्याच्या तोंडासमोर चिंच धरून उभी राहायची आणि म्हणायची, "थुक लेकरा, थुक." लाळेचंही वजन असतं, असं तात्यांनी कुठंतरी वाचलं होतं.

मी कापड कापायच्या कात्रीनं त्याचे केस उतरवले. तात्यांनी ते पुडीत बांधून काट्यावर टाकले, तर काटा हललाच नाही. "डोक्यात एवढं असतंय आणि वजन काय न्हाई," ते निराश होऊन म्हणाले. मग नखं काढली. मधेच गुळव्यानं गिऱ्हाइकाला देतात तसा सवयीनं हिंदुरावच्या हातात रसाचा पेला दिला आणि त्यानंही सवयीनं तो तोंडाला लावला. हौसाक्कानं किंकाळी फोडली. पेला उडाला. रस तात्यांच्या धोतरावर.

पावणेअकराला काट्यानं पासष्ट किलो दोनशे दाखवले.

मी हिंदुरावला टेप लावली, "एकोणतीस" असं मोठ्यानं म्हटलं आणि पुन्हा दुकानात धावलो. मलमलीचा तुकडा काढला, वीस मिनिटांचं काम दहा मिनिटांत केलं. खिसा नाही, नाडीऐवजी दोरा, वजन फुंकरीएवढं. जाड चड्डी काढून ही घातली तर शंभर ग्रॅम तिथंच गेले असते. आयुष्यात मी बरेच कपडे शिवले. पण देवाचं नाव घेत शिवलेला तो एकच.

शाळेच्या मैदानावर पंचांचा काटा मांडला होता. अकराला तीन मिनिटं. भादरलेल्या डोक्याचा हिंदुराव मलमलीच्या चड्डीत काट्यावर चढला. श्वास सोडला, जणू काही श्वासानं फरक पडणार होता.

"पासष्ट किलो शंभर," पंच म्हणाले. "बाद."

"शंभर ग्रॅम म्हणजे काय साहेब," बाबालाल हात जोडून म्हणाला. "दोन लिंबं."

"मग लिंबं काढून या. तीन मिनिटं हाईत."

काढायला काही उरलं नव्हतं. हिंदुराव खाली उतरला. आनंदा कपाळाला हात लावून मैदानात बसला. "नवी बांधणी," एवढंच तो म्हणाला.

तेवढ्यात मागून पोखरवाडीची माणसं आली. मधे कुणालातरी दोन घोंगड्यांत गुंडाळून आणलं होतं, डोकं पार तुळतुळीत. दोघं त्याला धरून चालवत होते आणि तिसरा त्याच्या तोंडासमोर कैरी धरून मागं मागं सरकत होता. घोंगड्या काढल्या. गोल गालांचा, पोट सुटलेला गडी थरथरत काट्यावर चढला.

"पासष्ट किलो चारशे," पंच म्हणाले. "बाद. नाव?"

"जालिंदर पाटोळे."

नऊ वर्षं ज्याच्या नावानं आम्ही आरोळ्या ठोकल्या, त्याला आमच्यातल्या एकानंही ओळखलं नव्हतं.

सगळ्यात आधी आनंदाच्या डोक्यात उजेड पडला. तो ताडकन उठला. "दोघंबी बाद! मग कागदाप्रमाणं अदलाबदल रद्द! जालू परत आपला!" तो माझ्याकडे वळला. "टेलरमामा, कागद आणा!"

आमच्या पोरांनी एकच कल्ला केला. जालू परत येणार म्हणून टोप्या उडाल्या. पोखरवाडीकडची तोंडं उतरली. आणि हिंदुराव माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "माझी पेटी तालमीत हाय मामा. घेऊन येतो." ताट धुऊन ठेवताना जो आवाज असायचा, तोच आवाज.

मी कागद आणायला निघालो. वाटेत जालू घोंगडी पांघरून पायरीवर बसला होता. मी थांबलो.

"जालू, ही काय दशा करून घेतलीस रे?"

"काय सांगू मामा. चड्डी दोनदा परत पाठवली तर तुम्ही चिठ्ठी दिलीसा, थंड पाण्यात धुवा." तो हसला. "मग थंड पाण्यातच धुतली."

"पण एवढा फुगलास कसा?"

"बोलवत्यात मामा. रोज एका घरी. पैल्या दिवशी मला वाटलं, कुणाचं तरी लगीनच हाय. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरी. नको म्हणवत न्हाई." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला परत न्यायला लावू नगा मामा."

"असं कसं म्हणतोस? आम्ही तुझे—"

जालूची आई गेली ते त्याच्या खेळाचं पहिलं वर्ष होतं. आम्ही सगळे मातीला गेलो होतो. तेव्हापासून तो रोज सरावानंतर माझ्या बाकड्याच्या टोकाला येऊन बसायचा आणि दिवेलागणीला 'येतो मामा' म्हणून उठायचा. कुठं जायचा? मला वाटायचं तात्यांकडे. तात्यांना बहुतेक वाटत असेल बाबालालकडे. मी पोखरवाडीला घातलेल्या चार शिव्या मला एकेक करून आठवल्या.

नऊ वर्षांत आमचं जेवण, आमची घरं, आमची पोटं सगळी वाढली. त्याची कंबर सव्वीसच राहिली. एकवीस वर्षांच्या पोराची कंबर तिसाव्या वर्षीही सव्वीस, आणि मला त्याचा अभिमान होता. पाठ आहे म्हणून मी मिरवत होतो.

"उभा राहा," मी म्हणालो. "हात वर कर."

"कशाला?"

"माप घेतो."

त्यानं घोंगडी सोडली. मी टेप लावली. कंबर तीस.

"रविवारी जेवायला ये माझ्याकडं," मी म्हणालो.

जालू खरोखरच विचारात पडला. बोटांवर काहीतरी मोजलं. "ह्या रविवारी पाटलांकडं हाय मामा. पुढच्या रविवारी शाळंतल्या गुरुजींकडं." त्याला माझं वाईट वाटलेलं दिसत होतं. "पुढच्या महिन्यात बघतो की."

मी दुकानात गेलो, ड्रॉवर उघडला.

अर्ध्या तासानं मैदानावर परतलो तेव्हा दोन्ही सेक्रेटरी वाट बघत होते. मी कागदाचे तुकडे त्यांच्या हातात ठेवले.

"सकाळी गडबड होती," मी सांगितलं. "मलमलच्या चड्डीचा खाका कापायला जो कागद हाताला लागला तो घेतला."

पोखरवाडीच्या सेक्रेटरीनं एक तुकडा उजेडात धरून वाचला. "'दोघांपैकी एक जरी मैदा'... हितनं पुढं कापलंय."

"तिथं बैठक येते," मी म्हणालो. "चड्डीची."

"कागदच न्हाई तर करार कसला?" तो म्हणाला आणि पटकन जालूच्या खांद्यावर हात टाकला. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता. आनंदा कोळेकर त्यानंतर वर्षभर माझ्याशी बोलला नाही. कपडे मात्र माझ्याकडेच शिवले. दुसरा टेलर तिकडे नव्हता.

तात्यांनी एक तुकडा उचलला होता. पंधरा वर्षांचे गुण पाठ असलेला माणूस. त्यांनी तो वीत लावून मापला, पुन्हा मापला आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "वसंता, हिंदुरावची कंबर एकोणतीस. ह्यो खाका तीसचा हाय."

"हो," मी म्हणालो.

त्यांनी तुकड्याची घडी केली आणि खिशात टाकली.

सामन्याबद्दल विचारू नका. दोन्ही संघांकडे धड चढाई नव्हती की धड पकड. आम्ही एका गुणानं हरलो, आणि तो गुण दिनकरनं स्वतःच्याच पायात अडकून दिला. तेव्हा हिंदुराव आणि जालू दोरीबाहेर शेजारी शेजारी बसले होते, दोन भादरलेली डोकी. हौसाक्कानं फडक्यातून आणलेल्या भाकऱ्या दोघांपुढे ठेवल्या होत्या. जालूच्या हातात भाकरी देताना तिनं डोळ्यांना पदर लावला आणि चुलीचा धूर गेला म्हणाली. मैदानात चूल नव्हती.

हिंदुरावची पेटी तालमीतून निघाली, पण ती माझ्या घरी आली आणि तो पुढं लग्न होईपर्यंत तिथंच राहिला. जालूसाठी एक नवी चड्डी मी उरुसाच्या दुसऱ्या दिवशीच शिवून पोखरवाडीला स्वतः नेऊन दिली. कंबर तीस. शिवणीत दोन बोटं कापड जादा सोडलं होतं, पुढं उसवायला.